फॉरवर्ड वाचून धंदा चालवू नका, आधी आपली माणसं मोजा

पत्र आलंय सांगलीहून. थोडं छोटं करून देते.

"ताई नमस्कार. आमची बेकरी आहे, वडिलांपासूनची. भट्टीवर आठ जण, दोन काउंटरवर मिळून सहा मुली, दोन डिलिव्हरीवाले आणि एक हिशेबनीस, असे सतरा लोक. दिवाळीच्या आधी मिरजेत तिसरं काउंटर टाकायचंय म्हणजे अजून चार माणसं लागतील. नवीन लेबर कोड आले म्हणून रोज व्हॉट्सॲपवर काहीतरी येतं, आठवड्याला तीन सुट्ट्या, बारा तासांची ड्युटी, हातात पगार कमी येणार, काय न काय. आमचे सीए म्हणतात तुम्हाला काही फरक नाही, पीएफचं बघणारा कन्सल्टंट म्हणतो सगळंच बदललं, पॅकेज घ्या. परवा भट्टीवरचा एक पोरगा विचारतो, मालक, आता एका वर्षातच ग्रॅच्युइटी मिळते ना? मला उत्तर देता आलं नाही. मित्र म्हणतो मिरजेचं दुकान बायकोच्या नावावर वेगळ्या फर्ममध्ये काढ, वीसच्या आत राहशील. आता मी कायदे वाचत बसू का पाव भाजू? – एक बेकरीवाला"

दादा, आधी त्या पोराचं उत्तर देऊन टाकू, तो वाट बघत असेल. त्याने ऐकलंय ते अर्धं खरं आहे. नवीन सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे पण ती ठराविक मुदतीच्या करारावरच्या माणसाला, म्हणजे ज्याच्या कागदावर लिहिलंय की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत नोकरी, त्याला. तुमचा पोरगा असा मुदतीवर नसेल, नेहमीचा कामगार असेल तर त्याला पाच वर्षांची अट आजही आहे, पाच पूर्ण झाली की दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, पगाराला 26 ने भागून. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही. आणि तुमच्याकडे दहाच्या वर माणसं आहेत त्यामुळे ग्रॅच्युइटी तुम्हाला लागू आहेच, नवीन कोड यायच्या आधीपासून लागू होती. ही रक्कम आजपासून बाजूला टाकत नसाल तर सुरुवात करा, कारण वडिलांच्या काळापासूनचे दोन कारागीर एकाच वर्षी निघाले तर किती पैसे एकदम द्यावे लागतील याचा हिशेब बहुतेक मालकांनी कधी केलेलाच नसतो.

आता सीए बरोबर का कन्सल्टंट? दोघंही थोडे थोडे. 21 नोव्हेंबर 2025 ला चार संहिता, म्हणजे तुमचे ते लेबर कोड, लागू झाल्या, वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता-आरोग्य. जुने 29 केंद्रीय कायदे यात गोळा केलेत. म्हणजे "काही फरक नाही" हे चूक. पण "सगळंच बदललं" हेही चूक, कारण कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, केंद्राने कायदा केला तरी कितीतरी गोष्टींचे नियम राज्याने काढायचे असतात, आणि जुने नियम, जुन्या अधिसूचना नव्या संहितेच्या विरोधात जात नसतील तिथपर्यंत चालू राहतील अशी सोय संहितेतच ठेवलीय. शिवाय तुमच्या काउंटरला लागणारा दुकाने व आस्थापना कायदा हा महाराष्ट्राचा स्वतःचा, 2017 चा, तो त्या 29 मध्ये नाहीच. त्यामुळे पॅकेज विकणाऱ्याला एवढंच विचारा की माझ्या सतरा माणसांच्या पगारपत्रकात नेमका कुठला कॉलम बदलतो ते दाखव. दाखवला तर पैसे द्या.

मला विचाराल तर मालकाला कायदा "फॉलो" करायची गरज नसते. तुम्हाला लागणारा प्रत्येक बदल तीनच वाटांनी आत येतो. माणसं किती, त्यांचा पगार कसा लिहिलाय, आणि तारीख कुठली. या तीन गोष्टी तुम्हाला स्वतःला तोंडपाठ असल्या तर बाकी फॉरवर्ड वाचले काय न वाचले काय.

माणसांपासून सुरू करते कारण तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे.

पाच माणसं झाली की महाराष्ट्र कामगार कल्याण निधी लागतो. दहा झाली की ग्रॅच्युइटी, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, आणि लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती. वीस झाली की पीएफ आणि बोनस. कारखाना म्हणून नोंदणीची ओळ जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांची होती, नव्या संहितेत ती वीस केलीय, तुमच्या भट्टीवर आठच आहेत तर सध्या तुम्ही दोन्हीकडून बाहेर. कंत्राटी कामगारांची ओळ वीसवरून पन्नासवर गेलीय. ले-ऑफ, कपात, बंद करायची परवानगी, स्थायी आदेश हे तीनशे कामगारांच्या वरचं प्रकरण, त्यावरचे व्हिडिओ तुमच्यासाठी नाहीत, बघत बसू नका.

म्हणजे मिरजेचं काउंटर उघडलं की तुम्ही सतराचे एकवीस होता आणि पीएफ सुरू होतो. आणि इथे लोक हमखास गोंधळतात, "अहो पण सांगलीत सतराच आहेत की". नाही. शाखा कुठेही असो, आस्थापना एकच धरतात, सगळी माणसं एकत्र मोजतात. ठेकेदारामार्फत घेतलेली धरतात. आणि एकदा वीस झाले की पुढे माणसं कमी होऊन बारा झाली तरी पीएफमधून बाहेर पडता येत नाही. दिवाळीत पंधरा दिवसांसाठी घेतलेल्या पोरांना मोजायचं का नाही यावर वाद होतात, म्हणून त्यांची नोंद नीट ठेवा, कोण, किती दिवस, कशासाठी, किती दिले, नुसतं वहीच्या शेवटच्या पानावर "पोरं – 6" असं नको.

आता तुमच्या मित्राचा सल्ला. बायकोच्या नावाने वेगळी फर्म. हा सल्ला महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात कोणी ना कोणी कोणाला तरी देतच असतो आणि पीएफ ऑफिसला तो पाठ आहे. ते कागदावरचं नाव बघत नाहीत, ते बघतात की माल कुठून येतो, पैसा कुठल्या खात्यात जातो, माणसं इकडून तिकडे फिरवता का, निर्णय कोण घेतं, हिशेबनीस तोच आहे का. मिरजेच्या काउंटरवर पाव सांगलीच्या भट्टीतून जाणार, पाटीवर नाव तेच, डिलिव्हरीचा टेम्पो तोच. दोन्ही एकत्र धरले की पीएफ मागच्या तारखेपासून लागतो, वर थकबाकीवर वर्षाला 12 टक्के व्याज आणि शिवाय दंडाची रक्कम वेगळी. आणि मागच्या काळातला कामगाराचा हिस्सा तेव्हा कापलेला नसतो म्हणून तोही शेवटी तुमच्याच खिशातून जातो. वहिनींना खरंच स्वतंत्र धंदा करायचा असेल तर करू दे की, वेगळा माल, वेगळं भांडवल, वेगळी माणसं. नुसता आकडा वीसच्या खाली ठेवायला फर्म काढू नका.

उलट असं करा, मिरजेचा खर्च काढतानाच एकवीस माणसांचा पीएफ धरून काढा. मालकाचा हिस्सा 12 टक्के, वर विमा आणि प्रशासन शुल्क मिळून साधारण एक टक्का. एवढा धरून काउंटर परवडत नसेल तर ते तसंही परवडत नव्हतं.

पीएफ सुरू झाल्यावर एक तारीख भिंतीवर लिहा, 15. पुढच्या महिन्याच्या 15 च्या आत चलन. ही तारीख चुकली तर व्याज-दंड लागतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण दुसरा एक फटका होता जो सीए लोक सुद्धा उशिरा सांगायचे. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा ठरल्या तारखेनंतर भरला तर तो इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून मिळतच नव्हता, नंतर भरला तरी कायमचा नाही, ऑक्टोबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं होतं, 2026 च्या बजेटमध्ये हा नियम सैल केला, आता नेमकं काय ते सीएला विचारा. तोवर सोळा तारखेला भरलेल्या रकमेवर मालक नफा समजून टॅक्स भरायचा. ईएसआयची तारीखही 15 च आहे.

ईएसआयचं थोडक्यात, 21,000 पर्यंत पगार असणारे सगळे, कामगाराचे 0.75 टक्के, तुमचे 3.25 टक्के, हे दर जुलै 2019 पासूनचे. एखादीचा पगार मध्येच वाढून 21,000 च्या वर गेला तर लगेच कापणं बंद करायचं नसतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन कालखंड असतात, चालू कालखंड संपेपर्यंत कापायचं. तुम्ही सतरा माणसांना ईएसआय लावलाय का हे पत्रात लिहिलेलं नाही. लावला नसेल तर मिरजेच्या आधी ते करा, भट्टीवर भाजण्याचे, हात अडकण्याचे प्रकार होतात, आणि अपघात झाल्यावर नोंदणी करायला धावलं तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता पगार. नव्या संहितांमधला तुम्हाला लागणारा सगळ्यात मोठा बदल हाच आहे आणि "हातात पगार कमी" वाला फॉरवर्ड यातूनच निघालाय. आतापर्यंत प्रत्येक कायद्यात पगाराची व्याख्या वेगळी होती, आता एकच. बेसिक, महागाई भत्ता आणि राखीव भत्ता (काम बंद असताना माणूस धरून ठेवायला देतात तो) असेल तर तो, हे "वेतन". घरभाडं, प्रवास, ओव्हरटाइम, कमिशन असे काही प्रकार बाहेर ठेवलेत, पण बाहेर ठेवलेल्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेली तर वरचा जो भाग आहे तो परत वेतनात धरायचा.

तुमच्या हिशेबनिसाचं उदाहरण घेऊ, आकडे मी मनाने टाकतेय. एकूण 30,000, त्यात बेसिक-महागाई 12,000, घरभाडं 10,000, प्रवास 8,000. बाहेरचे झाले 18,000, निम्मे म्हणजे 15,000, तीन हजार जास्त. ते तीन हजार वेतनात येणार, वेतन 12 चं 15 हजार होणार. पीएफ लागू झाला की 12 टक्क्याने दोघांचा हिस्सा 1,440 च्या ऐवजी 1,800. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे 6,923 वरून 8,654. हातात येणारी रक्कम 360 ने कमी होईल हे खरं, पण ते त्याच्याच पीएफ खात्यात जातात, तुमचेही 360 जास्त जातात. माणसाला हे आधी बसवून समजावून सांगा, पगाराच्या दिवशी चिठ्ठी बघून कळलं तर तो तुम्हालाच चोर समजणार.

पण भट्टीवरच्या आणि काउंटरच्या माणसांना हा 50 टक्क्यांचा प्रकार फारसा लागतच नाही, का ते सांगते. त्यांना किमान वेतन लागतं, आणि किमान वेतन म्हणजे मूळ अधिक विशेष भत्ता मिळून जो आकडा येतो तो. तेवढा आकडा बेसिकमध्ये दिला की निम्म्याचा प्रश्न आपोआप सुटतो. आणि तो दिला नसेल तर तुमचा प्रॉब्लेम नवीन कोडचा नाहीच, जुनाच आहे. बरेच मालक करतात काय, एकूण चौदा हजार देतात आणि कोणीतरी सांगितलं म्हणून त्यात बेसिक सहा हजार दाखवतात, बाकी भत्ते. हे पगारपत्रक मालक स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध तयार करत असतो.

किमान वेतनाबद्दल अजून एक, आणि हे मी जास्त वेळ घेऊन सांगतेय कारण कोड-कोड करताना हेच विसरलं जातं. महाराष्ट्रात विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, 1 जानेवारीपासून आणि 1 जुलैपासून, महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे. त्याची बातमी टीव्हीवर येत नाही, फॉरवर्ड तर नाहीच नाही, कामगार आयुक्तालयाचं एक परिपत्रक निघतं, उद्योगवार, परिमंडळवार म्हणजे भागानुसार, कुशल-अर्धकुशल-अकुशल असा तक्ता. बेकरी उद्योगाचा तक्ता वेगळा, दुकाने-आस्थापनांचा वेगळा, तर भट्टीवरचे कुठल्यात आणि काउंटरच्या मुली कुठल्यात हे कामगार कार्यालयात एकदा विचारून लिहून ठेवा. सांगली आणि मिरज दोन्ही तुमच्या परिमंडळात कसे बसतात तेही. मग दर जानेवारी आणि जुलैत फक्त एक काम, नवा तक्ता काढायचा, आपल्या पगारपत्रकाशेजारी ठेवायचा आणि कोणी खाली जातंय का बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. हे वर्षभर केलं नाही तर सतरा माणसांचा फरक साचतो, आणि वेतन संहितेत थकबाकीचा दावा करायला आता तीन वर्षांची मुदत दिलीय.

असे न गाजलेले बदल अजून आहेत. व्यवसाय कर बघा, 1 एप्रिल 2023 पासून महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या बायकांना शून्य आहे. तुमच्या काउंटरच्या सहा मुलींच्या पगारातून अजून दोनशे कापले जात असतील तर आज रात्रीच बघा, कारण पगाराचं सॉफ्टवेअर जुनं असलं की ते कापतच राहतं आणि कोणी विचारत नाही. पुरुषांना साडेसात हजारापर्यंत काही नाही, दहा हजारापर्यंत 175, त्यावर 200 आणि फेब्रुवारीत 300. कामगार कल्याण निधी 2024 मध्ये वाढला, जून आणि डिसेंबरच्या पगारात कामगाराचे 25 आणि मालकाचे 75. रक्कम चहापाण्याची आहे पण तपासणीला आलेला माणूस आधी असल्याच गोष्टी बघतो, यावरून त्याला कळतं की इथे कोणी लक्ष ठेवतंय की नाही.

आता फॉरवर्डचं. बातमी आणि कायदा यांच्यात पायऱ्या असतात हे लक्षात ठेवलं तरी अर्धा ताप जातो. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाचे तास वाढवायला मंजुरी दिली, दुकानांना दिवसाला नऊचे दहा, कारखान्यांना नऊचे बारा, ओव्हरटाइमची मर्यादा तीन महिन्यांना 144 तास. त्याच दिवसापासून लोकांनी "उद्यापासून बारा तास" म्हणून मेसेज फिरवले. पण मंत्रिमंडळाची मंजुरी हा निर्णय असतो, कायदा नसतो. मग अध्यादेश किंवा विधेयक, मग राजपत्र, मग त्यात लिहिलेली तारीख, मग नियम. दुकानांच्या बाबतीत ऑक्टोबरमध्ये अध्यादेश आला तेव्हा ते कागदावर उतरलं. आणि त्याच बदलात एक गोष्ट होती जी तुमच्यासारख्याला तासांपेक्षा महत्त्वाची, की कायद्याची मुख्य ओळ दहा कामगारांवरून वीसवर नेली, त्याखालच्यांना नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरते. त्याचे फॉरवर्ड कोणीच पाठवले नाहीत. तुम्ही एकवीस होणार म्हणजे परत ओळीच्या वरच, मग नोंदणी, वर्षाला आठ किरकोळ रजा, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर धरून आठ सणाच्या पगारी सुट्ट्या, हे सगळं नीट कागदावर पाहिजे. आणि दिवाळीत काउंटरच्या मुलींना रात्री साडेनऊनंतर थांबवत असाल तर त्यांची संमती आणि घरी सुरक्षित पोचवायची व्यवस्था, हे आधीपासूनच आहे.

तीन सुट्ट्यांचं म्हणाल तर ती सक्ती नाही. आठवड्याचे 48 तास ही मर्यादा आहे, ते चार दिवसांत बसवायचे झाले तर रोजचे बारा होतात एवढाच त्याचा अर्थ. बेकरी चार दिवस चालवून तीन दिवस बंद ठेवणारा मी तरी अजून पाहिला नाही. जास्तीच्या तासांना दुप्पट दर, हे मात्र कुठल्याही मेसेजशिवाय लक्षात ठेवा.

तर मेसेज आला की तीनच प्रश्न. कुठल्या कागदावर आहे, अधिसूचनेचा नंबर-तारीख काय? लागू कधीपासून? माझ्या माणसांच्या आकड्याला लागतो का? तिन्ही उत्तरं नसतील तर पुढे पाठवू नका, डिलीट करा. कागद बघायचाच असेल तर राज्याचं राजपत्र, कामगार विभागाची वेबसाइट, पीएफ आणि ईएसआयची परिपत्रकं, केंद्राच्या श्रम मंत्रालयाची वेबसाइट, एवढं पुरतं. राज्याचं बरंचसं मराठीत असतं, भाषा जड असते पण तक्ते कळतात. रोज बघू नका, महिन्यातून एकदा, पगार झाल्यावरच्या रविवारी.

कन्सल्टंट ठेवा, मी नको म्हणत नाही, सतरा-एकवीस माणसांच्या धंद्याला तो परवडतो आणि पाव तुम्हीच भाजायचेत. फक्त जबाबदारी त्याला देता येत नाही, चलन त्याने चुकवलं तरी नोटीस तुमच्या नावाने येते. म्हणून त्याच्याकडून दर महिन्याला चलनाची पावती घ्या, पावतीवर किती माणसांचं भरलं तो आकडा बघा आणि हजेरीपटाशी जुळवा. पासवर्ड आणि रजिस्टर मोबाइल नंबर तुमचा ठेवा, त्याचा नको, हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण हो हो म्हणून विसरतो, मग कन्सल्टंटशी भांडण झालं की स्वतःच्याच खात्यात शिरता येत नाही. आणि "काय बदललं" हे त्याने फोनवर नाही, लिहून सांगायचं, व्हॉट्सॲपवर दोन ओळी चालतील पण अधिसूचनेच्या तारखेसकट. तुमचा सीए आणि हा माणूस यांना एकदा समोरासमोर बसवा, चहा-खारी तुमचीच आहे. दोघं वेगवेगळं बोलतात कारण एक इन्कम टॅक्सच्या बाजूने बघतो आणि दुसरा पीएफच्या, तुमचं पगारपत्रक दोघांनी एकत्र कधी बघितलेलंच नसतं.

भीती घालणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, तेही सांगते. वेतन संहितेत पहिल्यांदा चूक सापडली तर थेट कोर्टात न जाता आधी लेखी सांगून सुधारायला वेळ द्यायची तरतूद आहे. पण पाच वर्षांत तीच चूक परत केली तर ती सवलत नाही, आणि कमी पगार दिल्याबद्दल पहिल्या वेळी 50,000 पर्यंतचा दंड, परत केलं तर एक लाखापर्यंत किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे वाचून घाबरायचं नाही, कागद जपायचे. हजेरी, पगारपत्रक, चलनं, किमान तीन वर्षांचं तरी हाताशी.

एक बदल मात्र तुम्हाला लगेच सवय बदलायला लावणारा आहे. माणूस निघाला, काढला किंवा राजीनामा दिला तरी, त्याचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. आपल्याकडे पद्धत काय, "सात तारखेला सगळ्यांबरोबर घेऊन जा", किंवा त्याहून वाईट, "आधी बदली माणूस दे मग बघू". ते आता चालणार नाही. ग्रॅच्युइटीला 30 दिवस आहेत, पण पगाराला दोन. म्हणजे उचल किती घेतलीय, रजा किती राहिल्यात, हे आधीच लिहिलेलं पाहिजे, माणूस निघाल्यावर वही शोधत बसायला वेळ नाही. उचलीचं तर सहीसकट लिहा, बेकरी लाइनमध्ये निम्मी भांडणं उचलीवरूनच होतात.

अंतर्गत समितीबद्दल तुम्ही विचारलंच नाही म्हणून मी विचारते. सहा मुली काउंटरवर आहेत, एकूण माणसं दहाच्या वर आहेत, म्हणजे 2013 च्या कायद्याप्रमाणे समिती पाहिजेच, कोड-बिड काही संबंध नाही. अध्यक्ष तुमच्याकडचीच वरिष्ठ बाई, दोन कर्मचारी, आणि एक बाहेरची व्यक्ती जिला या विषयाचं काम माहीत आहे, एकूण निम्म्याहून कमी बायका नकोत. लेखी आदेश काढायचा, नावं आणि फोन भिंतीवर लावायचे, वर्षाचा अहवाल जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा, तक्रार शून्य असली तरी. नाही केलं तर 50,000 पर्यंत दंड. गोव्यातल्या एका प्रकरणात मे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने या समित्या कागदावरच राहतात म्हणून चांगलंच सुनावलं होतं आणि त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यात विचारणा वाढलीय. बाहेरची सदस्य म्हणून सांगलीत महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतल्या कोणालाही भेटा, ओळखीतली मावशी नको.

आणि मिरजेच्या चार माणसांना घेताना पहिल्या दिवशी नियुक्तीपत्र द्या, नव्या संहितेत ते प्रत्येक कामगाराला द्यायचंय, जुन्या सतरांनाही देऊन टाका. मराठीत लिहा, दोन पानं पुरतात. नाव, काम, रुजू झाल्याची तारीख, बेसिक किती भत्ते किती, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रजा, पीएफ-ईएसआय लागू आहे की नाही, आणि मुदतीवर घेत असाल तर शेवटची तारीख ठळक. सणापुरतं घेतलेल्या माणसाला "बघू नंतर" म्हणून तसंच ठेवलं तर तो मुदतीवरचा का कायमचा हे पुढे तुम्हाला सिद्ध करता येत नाही. दोन प्रती काढा, एकीवर त्याची सही घेऊन तुमच्या फाइलला. जुन्या कारागिरांना रुजू झाल्याची तारीख विचारताना वडिलांची जुनी वही काढा, त्यांना साल आठवत नाही, कुठल्या गणपतीत लागलो तेवढंच आठवतं.